अरिरांगची पार्श्वभूमी: कवायत, रंगीत पानं आणि पाहुण्यांची रांग

अरिरांग या उत्तर कोरियातल्या सामूहिक कवायतीच्या महाकाय शोच्या क्लिप्स एव्हाना सगळ्यांच्या फोनवर येऊन गेल्यात. एक लाख माणसं एका तालात हलतायत, मागे भलंमोठं चित्र बदलतंय, आणि ते चित्र म्हणजे स्क्रीन नसून हातात रंगीत पानं धरून बसलेली शाळकरी पोरं आहेत. हे सगळं माहीत आहे असं धरून चालतो. उत्तर कोरियात तीन पिढ्या एकाच घराण्याची सत्ता आहे हेही माहीत असेलच, आणि तिघांची नावं घ्यायला गेलं की सगळे किमच निघतात (किम इल-सुंग, किम जोंग-इल, किम जोंग-उन), म्हणून इथे आजोबा, मुलगा आणि नातू असंच म्हणतो. लिहायचं कारण हे की या शोवर दोनच प्रकारचं बोललं जातं, एक तर "बापरे काय शिस्त", नाहीतर "बिचारी पोरं". दोन्हीत एक गोष्ट सुटते. समोरच्या मानाच्या रांगेत कोण बसलंय ते बघून हा शो दर वेळी बदलत आलाय, आणि त्यावरून सगळ्यात मोठा वाद झाला तो उत्तरेच्या राजधानीत, प्याँगयांगमध्ये नाही, दक्षिणेच्या राजधानीत, सोलमध्ये.

जुना इतिहास पटकन उरकतो. ही काही पुरातन कोरियन परंपरा वगैरे नाही, मूळ १९व्या शतकातल्या युरोपात आहे. नेपोलियनने प्रशियाला धूळ चारल्यावर १८११ साली बर्लिनजवळच्या हाझेनहायडेच्या मैदानात तरुणांना जमवून व्यायाम सुरू झाला, उद्देश उघड होता की पोरं तगडी करायची आणि फ्रेंचांना हाकलायचं. मग १८६२ मध्ये प्रागला चेक लोकांनी ऑस्ट्रियन साम्राज्यात राहून तशीच चळवळ काढली, १८८२ पासून त्यांचे मोठे मेळावे भरायला लागले आणि त्यासाठी पुढे स्ट्राहोव्हचं दोन लाखांच्या वर माणसं मावतील असं स्टेडियम झालं. म्हणजे हजारोंनी एकत्र हात वर करायचे आणि त्यातून "आम्ही एक राष्ट्र आहोत" असं म्हणायचं, ही आयडिया सत्तेविरुद्ध असलेल्या लोकांची होती. सत्तेने ती नंतर उचलली. (आपल्याकडेही त्या काळात तोच वारा होता, अमरावतीच्या व्यायाम मंडळाचं पथक मल्लखांब, लेझीम घेऊन १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेलेलं, आणि शाळेतली साधन कवायत कुठून आली हा वेगळा विषय होईल.)

१९४८ चा प्रागचा मेळावा मला या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता घेतलेली, उन्हाळ्यात मेळावा ठरलेलाच होता, आणि संचलनात व्यायामपटूंच्या तुकड्यांनी व्यासपीठावर उभ्या असलेल्या नव्या कम्युनिस्ट अध्यक्षासमोरून जाताना माना दुसरीकडे फिरवल्या, आणि नुकत्याच पायउतार झालेल्या अध्यक्षाच्या नावाने घोषणा दिल्या. झालं, संघटना मोडून टाकली. पण मेळावा मोडला नाही! १९५५ पासून त्याच स्ट्राहोव्हवर तसलीच कवायत सरकारी नावाने सुरू झाली आणि १९८५ पर्यंत साधारण दर पाच वर्षांनी होत राहिली. ज्या कवायतीत लोकांना मान फिरवता येते ती सरकारला नको असते, हे तिथे सगळ्यांनी बघितलं.

कोरियात हे दोन बाजूंनी आलं. एक म्हणजे जपानी राजवटीत शाळा आणि ऑफिसांतून रेडिओच्या तालावर व्यायाम करून घेतला जायचा, त्यामुळे रांगेत उभं राहून एकत्र हात हलवायची सवय १९४५ च्या आधीच लागलेली होती. दुसरं म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर उत्तरेत सोव्हिएत आले, त्यांच्या लाल चौकातल्या क्रीडा संचलनांचा नमुना तयार होता. पण उत्तर कोरियाच्या अधिकृत इतिहासात यातलं काही नाही. तिथे सुरुवात १९३० पासून, आजोबांनी मांचुरियात असताना "फुलांची कवायत" बसवली तिथून. तेव्हा आजोबा अठरा वर्षांचे होते. असो.

मुलांच्या एकत्रित कवायती १९४६ पासून होत होत्या, पण आज आपण जे बघतो त्याचा साचा १९६१ चा. त्या वर्षी पक्षाचं चौथं अधिवेशन होतं, १९५०-५३ च्या कोरियन युद्धात भुईसपाट झालेलं प्याँगयांग नव्याने उभं राहिलेलं, आणि त्या निमित्ताने "कामगार पक्षाचा काळ" अशा नावाचा मोठा प्रयोग झाला. मैदानात कवायत, मागे पानांचं चित्र, आणि दोन्हींना जोडणारं संगीत, हे तीन भाग तेव्हापासून तेच आहेत. १९७१ मध्ये फक्त हेच बसवण्यासाठी एक कायमची सरकारी संस्था काढली. म्हणजे हौशी प्रकार संपला, डिझाइन करणारे, नृत्य बसवणारे, पानांचे नकाशे काढणारे पूर्णवेळ पगारी झाले.

त्याच वर्षी रुमानियाचा हुकूमशहा जूनमध्ये चीन, उत्तर कोरिया वगैरे फिरून आला आणि प्याँगयांगचं स्वागत बघून इतका भारावला की परत गेल्यावर महिन्याभरात सांस्कृतिक क्षेत्र आवळणारे प्रस्ताव मांडले, आणि पुढे तिथेही स्टेडियममध्ये माणसांनी नावं लिहायला सुरुवात झाली. प्याँगयांगला तेव्हा कळलं असणार की ही गोष्ट एक्स्पोर्ट करता येते. मग प्रशिक्षक बाहेर जायला लागले. त्यातली सगळ्यात अजब केस गयानाची. दक्षिण अमेरिकेतला छोटा देश, इंग्रजी बोलणारा, भारतीय वंशाचे लोक सगळ्यात जास्त, आणि तिथे १९८० च्या फेब्रुवारीत प्रजासत्ताक दिनाला पहिला शो झाला, शाळेतल्या मुलांना कोरियन मास्तरांनी शिकवलेला. पालक कुरकुरत होते की पोरांचे तास बुडतायत. सरकार बदललं तसं १९९२ च्या आसपास ते बंद पडलं, आणि २०१६ मध्ये स्वातंत्र्याच्या पन्नाशीला परत काढलं तेव्हा पुन्हा वाद झाला, पण तिथे निदान वाद करता आला.

आता मुलाकडे येऊ, कारण आजचा शो खऱ्या अर्थाने त्याचा आहे. सिनेमा, ऑपेरा, नाटक या सगळ्यात तो आधीपासून लक्ष घालायचा, आणि एप्रिल १९८७ मध्ये त्याने कवायत बसवणाऱ्यांपुढे एक लांबलचक भाषण केलं जे नंतर पुस्तिका म्हणून छापलं गेलं, इंग्रजीतही. त्यातला एक मुद्दा नेहमी सांगितला जातो आणि तो खरंच सांगण्यासारखा आहे. आपण एक जरी चूक केली तरी सगळा शो बिघडेल हे कवायतीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, त्यामुळे ते आपले विचार आणि हालचाली सगळं समूहाच्या हवाली करायला शिकतं, असं त्याचं म्हणणं. आपण बाहेरचे लोक हे टीका म्हणून म्हणतो, तो ते गुण म्हणून सांगत होता. म्हणजे शो कशासाठी हे कोणी लपवलेलं नाही. प्रेक्षक दुय्यम, सराव मुख्य.

गंमत अशी की हे म्हटल्यावर दोनच वर्षांत प्रेक्षक मुख्य झाले. सोलला १९८८ चं ऑलिम्पिक मिळालं, उत्तरेने अर्धं तरी आम्हाला द्या म्हणून बघितलं, जमलं नाही, बहिष्कार टाकला, आणि मग उत्तर म्हणून जुलै १९८९ मध्ये जागतिक युवक महोत्सव भरवला. त्यासाठी तेदोंग नदीतल्या रुंगरा बेटावर मे दिन स्टेडियम बांधलं, दीड लाख क्षमता असल्याचं ते सांगत, आता दुरुस्तीनंतर १ लाख १४ हजार म्हणतात. पैसा अब्जावधी डॉलर्समध्ये गेला आणि सोव्हिएत मदत आटायच्या तोंडावर गेला. याच महोत्सवाला दक्षिणेतली एक कॉलेजची विद्यार्थिनी सरकारची परवानगी नसताना युरोपमार्गे गेली, तिथे तिचं जंगी स्वागत झालं, आणि सीमा चालत ओलांडून घरी परतली तशी राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली जेलमध्ये गेली, काही वर्षं आत होती. ही मुलगी लक्षात ठेवा, १८ वर्षांनी उपयोगी पडेल.

नव्वदच्या दशकात आजोबा वारले, पूर आले, दुष्काळ पडला आणि काही लाख माणसं भुकेने मेली (आकड्यांवर अजून भांडण आहे). तो काळ गेल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये पक्षाच्या ५५व्या वर्धापनदिनाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री प्याँगयांगला गेल्या. त्यांना कार्यक्रमपत्रिकेत नसताना स्टेडियममध्ये नेलं. पानांवर १९९८ च्या रॉकेटचं चित्र आलं, मुलगा त्यांच्याकडे वळून म्हणाला की हे आमचं पहिलं उपग्रह प्रक्षेपण आणि हेच शेवटचं. घरी गेल्यावर बाईंना पेपरवाल्यांनी धुतलं, हुकूमशहाच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या म्हणून. पण मुद्दा बघा, क्षेपणास्त्रांबद्दलची बोलणी चालू असताना एक संदेश वीसेक हजार पोरांच्या हातातून दिला गेला. डिप्लोमसीत ही पद्धत दुसऱ्या कोणाकडे नाही.

अरिरांग नावाने शो सुरू झाला २००२ मध्ये, आजोबांच्या ९०व्या जयंतीच्या निमित्ताने, एप्रिल अखेरीस. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन अध्यक्षाने उत्तर कोरियाला "दुष्टांच्या अक्षात" घातलेलं, आणि मे-जूनमध्ये दक्षिणेत फुटबॉल वर्ल्ड कप होता. पुन्हा सोलमध्ये काहीतरी मोठं, पुन्हा इकडे त्याच्याशी स्पर्धा. अरिरांग हे ताटातुटीचं लोकगीत दोन्ही कोरियांचं, १९९१ ला टेबल टेनिसची एकत्र टीम खेळली तेव्हा राष्ट्रगीताच्या जागी तेच वाजलं, त्यामुळे नाव निवडतानाच अर्धी नजर दक्षिणेवर होती असं मला वाटतं. गोष्ट साधी: देश गुलाम, लोक परागंदा, मग आजोबा, पिस्तुलं, पवित्र मानला जाणारा पेक्तू पर्वत, क्रांती, मग सैन्य, मग भरलेली शेतं (दुष्काळाला पाच वर्षंही झालेली नाहीत), मग शेवटी एकीकरण. पुढे चीनशी मैत्रीचा भाग जोडला, त्यात पांडा नाचतात.

तयारीबद्दल थोडं सांगायला हवं कारण व्हिडिओत ते दिसत नाही. मागच्या स्टँडमध्ये बसणारी पोरं म्हणजे शहरातल्या शाळांतून आलेली, प्रत्येकाच्या मांडीवर शंभराहून जास्त रंगीत पानांचं जाड पुस्तक, समोर सिग्नल देणारा, तो इशारा देईल तसं पान उलटायचं. शो सुरू व्हायच्या आधी वॉर्मअप म्हणून ही पोरं आपापल्या शाळेचं, भागाचं नाव पानांवर झळकवतात आणि एका दमात ओरडतात, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यातले बरेच सांगतात की पूर्ण शोपेक्षा तेवढा भागच जिवंत वाटला. २००३ मध्ये एका ब्रिटिश टीमला दोन शाळकरी मुलींचा सराव महिनोन्महिने शूट करू दिला, त्यात दिसतं की हिवाळ्यात उघड्या मैदानावर, शाळा सुटल्यावर रोज. प्याँगयांगमध्ये राहायला मिळणं हीच तिथे मोठी सवलत, त्यामुळे त्या मुलीही तिथल्या हिशोबाने सुखवस्तू घरातल्या होत्या. भाग घेणाऱ्यांना टीव्ही, कपडे अशा भेटी मिळायच्या असं तिथून बाहेर पडलेले लोक सांगतात, आणि काहीजण अभिमानानेही सांगतात. हे दोन्ही खरं असू शकतं की मुलांना त्रास झाला आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं.

२००५ ला दुसऱ्यांदा झाला तेव्हा दक्षिणेतून हजारो लोक टूरने प्याँगयांगला जाऊन बघून आले, विमानाने, पैसे भरून. १९८९ ची विद्यार्थिनी ज्या कायद्याखाली आत गेली तो कायदा तेव्हाही लागूच होता, १९९१ मध्ये थोडी दुरुस्ती झालेली एवढंच. २००६ ला पुरामुळे रद्द. आणि मग आलं २००७.

आता इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण हा प्रकार मराठीत फारसा कोणी लिहिलेला नाही आणि मला तो अख्ख्या इतिहासातला सगळ्यात बोलका वाटतो.

२००७ मध्ये दोन्ही कोरियांची दुसरी शिखर परिषद ठरली. आधी ऑगस्टअखेर होती, उत्तरेत पूर आले म्हणून २ ते ४ ऑक्टोबरवर ढकलली. दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष उदारमतवादी, उत्तरेशी बोलणी करा या गटाचे, आणि कार्यकाळाचे शेवटचे महिने राहिलेले, डिसेंबरात निवडणूक. तयारीच्या बैठकांमध्ये उत्तरेने म्हटलं की पाहुण्यांनी अरिरांग बघावं. २००० च्या पहिल्या परिषदेत हा प्रश्न आलाच नव्हता. आता नाही म्हणावं तर यजमानाचा अपमान, हो म्हणावं तर ज्या शोमध्ये आजोबांची आरती आहे आणि ज्यात उत्तरेचे सैनिक संगिनी घेऊन शत्रूला लोळवतात तो शो दक्षिणेच्या राष्ट्रप्रमुखाने बसून बघायचा. आणि तो शत्रू कोण हे सांगायची गरज नव्हती.

सोलमध्ये जोरदार भांडण झालं. विरोधी पक्षाचं म्हणणं होतं की हा निव्वळ प्रचार आहे, लहान मुलांना राबवून केलेला, आणि अध्यक्ष तिथे बसले की त्याला दक्षिणेचा शिक्का मिळतो. सरकारी बाजूचं म्हणणं की समोरच्याची व्यवस्था आहे तशी मान्य करूनच बोलणी होतात, आणि देशातले हजारो नागरिक आधीच बघून आलेत मग अध्यक्षाला काय झालं. मला यात आणखी एक गोष्ट धरावीशी वाटते. २००५ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेचं शिष्टमंडळ सोलला आलं होतं आणि त्यांनी तिथल्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जाऊन मान झुकवली होती, जिथे उत्तरेविरुद्ध लढताना मेलेले सैनिक पुरलेत. ते काही सोपं नव्हतं त्यांच्यासाठी. मग त्या हिशोबात दक्षिणेने एक शो बघणं म्हणजे फार मोठी किंमत नाही असंही म्हणता येतं. पण या तुलनेत एक खोट आहे, स्मशानात मेलेल्यांसमोर वाकायचं असतं आणि स्टेडियममध्ये जिवंत सत्तेसमोर, त्यामुळे मी स्वतः इथे पूर्ण पलीकडे जात नाही.

शेवटी सरकारने जायचं ठरवलं, आणि उत्तरेने शो बदलला. सैनिकांची संगिनीची लढाई काढली आणि त्या जागी तायक्वांदोचं प्रात्यक्षिक घातलं. हे मला जबरदस्त वाटतं. ज्या देशात एका पोराच्या एका चुकीने सगळं बिघडतं असं शिकवतात, ज्यात प्रत्येक हालचाल महिनोन्महिने घासलेली, तिथे एका पाहुण्यासाठी अख्खा प्रवेश उचलून दुसरा बसवला. दक्षिणेतल्या टीकाकारांनी याला मखलाशी म्हटलं, की फक्त एक सीन झाकला, बाकी देवघर तसंच. पण उलट बाजूने बघा, देवघराच्या मांडणीत बाहेरच्या माणसाच्या सोयीसाठी हात घालता येतो हे उत्तरेने स्वतः दाखवून दिलं. जो शो "समूहाच्या इच्छेचा आविष्कार" म्हणून विकला जातो त्याची एडिटिंग टेबलवर बसून होते.

३ ऑक्टोबरला दुपारी बोलणी झाली, त्यात मुलाने अचानक सुचवलं की आणखी एक दिवस राहा. पाहुणे म्हणाले की मोठ्या गोष्टी मी ठरवतो, छोट्या गोष्टी मला ठरवता येत नाहीत, प्रोटोकॉल आणि सुरक्षेच्या लोकांना विचारावं लागेल. सोलमध्ये त्यावर बरेच जोक झाले. मग प्रस्ताव मागे घेतला गेला आणि संध्याकाळी स्टेडियम. मुलगा स्वतः आला नाही, त्याने औपचारिक राष्ट्रप्रमुखाला शेजारी बसवलं, म्हणजे फोटोत दोन्ही नेते अरिरांगसमोर एकत्र नाहीतच. आणि शो संपताना दक्षिणेचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बसून बघणं एक, उभं राहून टाळ्या हे दुसरं. दुसऱ्या दिवशी एकत्र घोषणापत्रावर सह्या झाल्या, त्यात समुद्रातल्या सीमेपासून रेल्वेपर्यंत खूप काही होतं, पण घरी बऱ्याच लोकांच्या डोक्यात राहिल्या त्या टाळ्या. १९८९ ला त्याच स्टेडियममध्ये गेलेली पोरगी जेलमध्ये, २००७ ला अध्यक्ष टाळ्या वाजवून परत, कायदा तोच. डिसेंबरात विरोधी पक्ष निवडून आला (कारणं मुख्यतः आर्थिक होती, टाळ्यांमुळे कोणी हरलं असं नाही), आणि त्या घोषणापत्रातलं बहुतेक कागदावर राहिलं.

या सगळ्या भांडणात मुलांचा मुद्दा होता पण मागच्या बाकावर. विरोधकांनी तो काढला तो अध्यक्षांना टोचायला, सरकारी बाजूने तो टाळला कारण त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १,००,०९० कलाकारांचा जागतिक विक्रम अरिरांगच्या नावे नोंदवला गेला, प्रमाणपत्र वगैरे मिळालं, आणि त्या आकड्यात किती जण बारा वर्षांखालचे होते हे कोणी मोजलं नाही.

नंतरची वर्षं भराभर. २००८ पासून २०१३ पर्यंत दर वर्षी झाला, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि हळूहळू तो परदेशी टूरिस्टांचा प्रोग्रॅम होत गेला. तिकीट ८० युरोपासून वर, व्हीआयपी ३००. अमेरिकन लोकांना बराच काळ फक्त अरिरांगच्या सीझनमध्येच व्हिसा मिळायचा. २०११ च्या डिसेंबरात मुलगा वारला, नातू आला, २०१३ ला युद्धविरामाच्या साठीला आणखी एक सीझन झाला आणि मग अरिरांग थांबलं. सांगून सवरून नाही, पुढच्या वर्षी झालंच नाही. स्टेडियम दुरुस्तीला काढलेलं हे एक कारण दिसतं.

त्याच वेळी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. छावण्या, उपासमार, अपहरणं हे सगळं त्यात आहेच, पण कवायतीवरही काही परिच्छेद आहेत आणि ते वाचताना अंगावर येतात. सिमेंटच्या मैदानावर दिवसभर सराव, भोवळ येऊन पडणारी मुलं, दुखापती. एका साक्षीत सात-आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे, अपेंडिक्सचं दुखणं सहन करत सराव करत राहिला, वेळेत उपचार मिळाले नाहीत, गेला. आणि मग त्याचं उदाहरण इतर मुलांना वीर म्हणून सांगितलं गेलं, कारण ज्या शोला मुलगा (म्हणजे तेव्हाचा नेता) येणार होता त्यासाठी त्याने जीव दिला. १९८७ चं भाषण आणि ही साक्ष शेजारी ठेवून वाचा. २००७ च्या भांडणात खरं तर हे मध्यभागी असायला हवं होतं.

पाच वर्षांच्या गॅपनंतर २०१८ च्या ९ सप्टेंबरला देशाच्या सत्तरीला नवा शो आला, नाव अरिरांग नव्हतं, "तेजस्वी देश" अशा अर्थाचं होतं. ड्रोननी आकाशात अक्षरं काढली, मैदानावर प्रोजेक्शन, म्हणजे टेक्नॉलॉजी आली पण मागची पोरं आणि पानं तशीच. तिकीट १०० ते ८०० युरो. आणि दहा दिवसांनी पुन्हा दक्षिणेचे अध्यक्ष मानाच्या रांगेत, २००७ ला जे अध्यक्षांचे मुख्य सचिव होते तेच आता स्वतः अध्यक्ष. या वेळी नातू शेजारी बसला. शो पुन्हा पाहुण्यांसाठी बदलला होता, आणि या वेळी पाहुण्याने नुसत्या टाळ्या नाही वाजवल्या, माइकवर जाऊन दीड लाख (असा आकडा तेव्हा सांगितला गेला) लोकांसमोर सात मिनिटं भाषण केलं. पाच हजार वर्षं एकत्र राहिलो, सत्तर वर्षं वेगळे, असं काहीसं म्हणाले आणि स्टेडियम उठून ओरडलं. दक्षिणेच्या कोणत्याही नेत्याला उत्तरेच्या सामान्य लोकांसमोर बोलायला मिळालं ते पहिल्यांदा. सोलमध्ये यावरही टीका झाली पण २००७ एवढी नाही, लोक बहुधा सरावले होते, किंवा त्या वर्षी सगळेच आशेवर होते.

आशा फार टिकली नाही. फेब्रुवारी २०१९ ला हनोईत अमेरिकेशी बोलणी फिसकटली. जूनमध्ये नवीन शो लागला, "जनतेचा देश", आणि पहिल्याच दिवशी नातू बघून इतका वैतागला की बसवणाऱ्यांना बोलावून झापलं, कामाची वृत्ती चुकीची आणि बेजबाबदार आहे म्हणून, आणि हे सरकारी वृत्तसंस्थेने स्वतः छापलं. शो काही दिवस बंद पडला, बुकिंग केलेले टूरिस्ट लटकले. त्या मधल्या काळातच २० जूनला चीनचे अध्यक्ष आले तेव्हा मात्र त्यांच्यासाठी खास आवृत्ती झाली, चिनी गाणी, चिनी अक्षरं, पानांवर त्यांचा चेहरा. म्हणजे जनतेसाठी दुरुस्ती चालू, पाहुण्यासाठी तयार.

मग कोरोना. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी सीमा इतक्या घट्ट लावल्या की राजदूतसुद्धा अडकले. एकही टूरिस्ट नाही, एकही युरो नाही. आणि तरी ऑक्टोबर २०२० ला पक्षाच्या ७५व्या वर्धापनदिनाला स्टेडियममध्ये मोठा शो झाला, हजारो माणसं दाटीवाटीने. हा सगळा उद्योग परकीय चलनासाठी आहे असं २०१० च्या आसपास बरेच जाणकार लिहायचे, त्यांना हा प्रयोग कुठे बसवायचा ते कळेना.

२०२५ च्या ऑक्टोबरात पक्षाची ऐंशी झाली, मे दिन स्टेडियममध्ये पुन्हा सगळा थाट. नातवाच्या शेजारी चीनचे पंतप्रधान, व्हिएतनामचे पक्षप्रमुख आणि रशियाचे एक माजी अध्यक्ष. दक्षिणेतून कोणी नाही, बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण २०२३ च्या अखेरीस नातवाने जाहीर केलंय की ते आता आपले बांधव नाहीत, शत्रूराष्ट्र आहेत, आणि पुनर्एकीकरणाची प्याँगयांगची भलीमोठी कमानही पाडून टाकली. अरिरांगचा तर शेवटचा प्रवेशच एकीकरणाचा होता.